कासवाला वाट दाखवणारी मुले

१९६७ साली अमेरिकेतील केंब्रिज शहरात, बोल्ट बेरानेक अँड न्यूमन या कंपनीत, लहान मुलांसाठी एक संगणकभाषा तयार झाली. तिचे नाव लोगो. वॉली फ्युरझाइग, सिंथिया सॉलोमन आणि सीमोर पॅपर्ट हे तिच्या कर्त्यांपैकी प्रमुख. त्या काळी संगणकाने मोठी जागा अडवलेली असे, त्याचा खर्च मोठ्या संस्थांनाच पेलत असे आणि शिक्षणात त्याचा उपयोग झालाच तर प्रश्न विचारून उत्तर तपासण्यापुरता होई. पॅपर्ट यांनी ही दिशाच उलटी केली. संगणकाने मुलांना घोकवून घेण्यापेक्षा मुलांनी संगणकाला काम शिकवावे, असे त्यांचे म्हणणे होते. आज वर्गात डिजिटल साधने वापरून चित्र, गोष्ट, खेळ, ॲनिमेशन किंवा गणिती प्रतिकृती घडवण्याचे जे प्रयोग होतात, त्यांतल्या बऱ्याच प्रयोगांचे मूळ या म्हणण्यात आहे.

पॅपर्ट यांचा जन्म १९२८ साली दक्षिण आफ्रिकेतील प्रिटोरिया येथे झाला. गणिताचे शिक्षण घेतल्यावर त्यांनी जिनिव्हात जाँ पियाजे यांच्यासोबत काही वर्षे काम केले आणि मग ते एमआयटीत आले. मूल ज्ञान आयते घेत नाही, अनुभवातून ते स्वतः रचते, हा पियाजे यांचा विचार महाराष्ट्रातल्या शिक्षकांना नवा नाही. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ नंतरच्या प्रशिक्षणांत ज्ञानरचनावादाची चर्चा पुष्कळ झाली. पॅपर्ट यांनी त्यात एक भर घातली. दुसऱ्याला दाखवता येईल, दुसऱ्याच्या उपयोगी पडेल अशी एखादी खरी वस्तू घडवताना ही रचना सर्वांत चांगली होते, असे ते म्हणत. ती वस्तू मातीची असो, कागदाची असो वा पडद्यावरची.

हाताने घडवत शिकण्याचा विचार इथल्या मातीत आधीपासून रुजलेला आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला भरलेल्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी नई तालीमची मांडणी केली आणि झाकीर हुसेन यांच्या समितीने तिचा आराखडा तयार केला. टकळीवर सूत काढताना तार मोजायची, वजन करायचे, कापसाच्या शेतीपासून बाजारभावापर्यंतचे प्रश्न समजून घ्यायचे, असे ते शिक्षण होते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी व कोसबाड येथे परिसरातील साध्या वस्तूंतून बालशिक्षणाची साधने उभी केली. संगणकाकडे याच रांगेतले एक साधन म्हणून पाहिले की त्याची योग्य जागा कळते. टकळीला आपल्या बळावर काही शिकवता येत नव्हते आणि संगणकालाही येत नाही. वस्तू घडवताना मुलासमोर कोणते प्रश्न उभे राहतात आणि शिक्षक ते प्रश्न कसे पुढे नेतो, यावर सगळे ठरते.

लोगोतले कासव हे याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण आहे. सुरुवातीला ते जमिनीवर चालणारे यंत्र होते. पुढे पडद्यावरचा छोटा त्रिकोण झाले. ‘फॉरवर्ड १००’ म्हटले की ते १०० पावले पुढे जाते आणि मागे रेघ सोडते. ‘राइट ९०’ म्हटले की जागच्या जागी उजवीकडे ९० अंशांत वळते. या दोन आज्ञा चार वेळा दिल्या की चौरस पूर्ण होतो. इथवर कुणी अडत नाही. पुढे समभुज त्रिकोण काढायला सांगितला की अडचण सुरू होते. समभुज त्रिकोणाचा प्रत्येक कोन ६० अंशांचा असतो हे मुलांना पाठ असते, म्हणून ती ‘राइट ६०’ लिहितात. पडद्यावर तीन बाजू उमटतात, पण आकृती बंदच होत नाही. समोर षट्कोनाचा अर्धा भाग राहतो.

अशा वेळी शिक्षकाने उत्तर सांगू नये. मुलाला उठवून वर्गातल्या फरशीवर त्रिकोण चालायला लावावे. कोपऱ्यावर पोहोचल्यावर अंग किती वळवावे लागते, हे शरीराला लगेच समजते. सरळ निघालेली दिशा सोडून पुढच्या बाजूच्या दिशेला लागायचे तर बरेच जास्त वळावे लागते. वळण १२० अंशांचे आहे आणि आतला कोन १८० मधून उरलेला ६० अंशांचा, हा शोध त्या चालण्यातून लागतो. बाह्यकोन ही पुस्तकातली व्याख्या मग अंगात उतरते. पुढची पायरी आणखी महत्त्वाची. चौरसात चार वेळा ९०, त्रिकोणात तीन वेळा १२०, षट्कोनात सहा वेळा ६०. कासव आपली रेघ न ओलांडता मूळ जागी, मूळ दिशेला परत आले तर त्याची एकूण वळणे ३६० होतात. आता अष्टकोन कुणी सांगावा लागत नाही.

सप्तकोन मात्र पुन्हा अडवतो. ३६० ला ७ ने नि:शेष भाग जात नाही. मूल ५१ घालून पाहते. सात वळणांत ३५७ अंश होतात, कासव तीन अंशांनी कमी वळते आणि आकृतीत बारीकशी फट राहते. ५२ घातले तर चार अंश जास्त होतात. पूर्णांकांमध्ये उत्तर नाही, हे डोळ्यांनी दिसल्यावर ‘३६० भागिले ७’ असे लिहिण्याची गरज मुलाला स्वतःला वाटते. पाच टोकांच्या चांदणीसाठी वळण १४४ अंशांचे लागते. पाच वेळा १४४ म्हणजे ७२०, अर्थात दोन पूर्ण फेऱ्या. एक अंश वळायचे, एक पाऊल जायचे, असे ३६० वेळा केले की पडद्यावर वर्तुळच दिसते, आणि वर्तुळ म्हणजे असंख्य बाजूंचा बहुभुज ही कल्पना पाचवी-सहावीतल्या मुलाच्या आवाक्यात येते. चौरस काढण्याच्या कृतीला एकदा नाव दिले की ती कृती एका शब्दात बोलावता येते. दर खेपेला १० अंश वळवत तो चौरस ३६ वेळा काढला की रांगोळीसारखे फूल तयार होते. मोठे काम लहान कृतींत मोडायचे आणि त्या कृती पुन्हा पुन्हा वापरायच्या, हे संगणकशास्त्राचे मूळ सूत्र इथे नक्षी काढता काढता हाती लागते.

यात चुकीचे स्थान वेगळे आहे. वहीत गणित चुकले की लाल फुली येते आणि विषय तिथे संपतो. कासव चुकले की आकृती वाकडी येते. ती का वाकडी आली हे पाहावे लागते, एक आकडा बदलावा लागतो, पुन्हा चालवून पाहावे लागते. चूक हा कामाचाच एक टप्पा होतो. गणिताची धास्ती घेतलेल्या मुलांसाठी ही गोष्ट फार मोठी आहे आणि या साधनांचा सर्वांत खरा लाभ बहुधा हाच असावा.

१९८० साली पॅपर्ट यांचे ‘माइंडस्टॉर्म्स’ हे पुस्तक आले आणि लोगो अनेक देशांतील शाळांत पोहोचली. अपेक्षाही तितक्याच वाढल्या. प्रोग्रॅमिंग शिकलेले मूल आपोआप नीट नियोजन करू लागेल, तर्कशुद्ध विचार करू लागेल, असे गृहीत धरले जाऊ लागले. न्यूयॉर्कच्या बँक स्ट्रीट कॉलेजमधील रॉय पी आणि मिडियन कर्लंड यांनी हे गृहीतक तपासले. लोगो शिकलेल्या आणि न शिकलेल्या मुलांना त्यांनी वर्ग आवरण्याच्या कामांचा क्रम लावायला दिला. १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार दोन्ही गटांच्या नियोजनात उल्लेखनीय फरक आढळला नाही. लोगोच्या समर्थकांना हा धक्का होता. साधन एकटे काय करते असे विचारणेच चूक आहे, ते ज्या वातावरणात वापरले जाते त्या साऱ्याचा विचार हवा, असे पॅपर्ट यांनी उत्तर दिले. उत्तर योग्य होते, पण ते सिद्ध करून दाखवणे बाकी होते.

ते काम त्यांच्याच विद्यार्थिनीने, इडिट हॅरेल यांनी, बॉस्टनच्या हेनिगन शाळेत केले. चौथीच्या १७ मुलांना त्यांनी लोगोमध्ये अपूर्णांक शिकवणारे सॉफ्टवेअर तयार करायला सांगितले. ते वापरणार होती तिसरीची मुले. रोज सुमारे एक तास, साधारण चार महिने हे काम चालले. प्रत्येकाकडे एक वही होती. आज काय करणार ते आधी लिहायचे आणि काम झाल्यावर काय अडले, काय बदलले ते टिपायचे. अपूर्णांकांतले काय शिकवायचे, हे मुलांनीच ठरवायचे होते. लहानांना समजावण्याची जबाबदारी आल्यावर मुलांना आपल्याच समजुतीतल्या भेगा दिसू लागल्या. वर्तुळाचा रंगवलेला भाग तेवढाच अपूर्णांक, अशी एका मुलीची सुरुवातीची समजूत होती. काही आठवड्यांनी तिने पडद्यावर एक घर काढले. त्यातल्या जवळजवळ प्रत्येक आकाराचा अर्धा भाग तिने वेगळा दाखवला आणि अपूर्णांक रोजच्या जगण्यात सगळीकडे असतात, असे तिसरीच्या मुलांसाठी लिहून ठेवले. शेवटच्या चाचण्यांत या वर्गाने तुलनेसाठी निवडलेल्या वर्गांपेक्षा अपूर्णांकांत आणि लोगोतही चांगली कामगिरी केली.

बँक स्ट्रीट आणि हेनिगन या दोन्ही अभ्यासांत भाषा लोगोच होती. हेनिगनमध्ये मात्र घडवण्याची वस्तू खरी होती, तिचा वापर करणारी मुले समोर होती, विषय अभ्यासक्रमातला होता आणि वेळ भरपूर होता. शाळेत डिजिटल साधने आणू पाहणाऱ्या प्रत्येकाने या चार गोष्टी आपल्या वेळापत्रकाशी ताडून पाहाव्यात. आठवड्यातून एकदा पस्तीस मिनिटांच्या तासात यांपैकी फारशी कुठलीच गोष्ट बसत नाही.

पॅपर्ट यांचा वारसा पुढे मिचेल रेझनिक यांनी चालवला. एमआयटी मीडिया लॅबमधील त्यांच्या गटाने मे २००७ मध्ये ‘स्क्रॅच’ खुले केले. यात आज्ञा टाइप कराव्या लागत नाहीत. रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवायचे. जे ठोकळे एकमेकांत बसत नाहीत त्यांची आज्ञा बनतच नाही. त्यामुळे स्वल्पविराम चुकला म्हणून सगळे अडून बसले, असे होत नाही. स्क्रॅचवर नोंदणी केलेल्यांची संख्या १० कोटींच्या पुढे गेली आहे. आपला प्रकल्प सर्वांना दाखवता येतो, दुसऱ्याचा प्रकल्प उघडून त्यातले ठोकळे पाहता येतात आणि मूळ कर्त्याचा उल्लेख कायम ठेवून त्यात बदलही करता येतात. अगदी लहान, पाच ते सात वयाच्या मुलांसाठी २०१४ पासून ‘स्क्रॅच ज्युनियर’ आहे. त्यात वाचता न येणारे मूलही चित्रांच्या ठोकळ्यांनी गोष्ट हलवू शकते.

वर्गात स्क्रॅच बरेचदा वाया जाते ते एका सवयीमुळे. जलचक्राचा धडा झाला की मुलांना जलचक्राचे ॲनिमेशन करायला सांगितले जाते. ढग सरकतो, थेंब पडतात, बाण फिरतात. पुस्तकातले चित्र हलू लागते, समज मात्र होती तिथेच राहते. त्याऐवजी गावच्या विहिरीची प्रतिकृती करायला द्यावी. पाण्याची पातळी हा एक चल, सुरुवातीला १००. दर महिन्याला उपसा ८. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पावसाची भर २० प्रत्येकी. ठोकळ्यांत हे मांडायला एक पुनरावृत्ती आणि एक अट पुरते. प्रतिकृती चालवली की पहिल्या वर्षी काहीच बिघडलेले वाटत नाही. मे अखेर पातळी ८४ असते. पण वर्षाला ८० ची भर आणि ९६ चा उपसा, म्हणजे १६ ची तूट दर वर्षी साठत जाते. सहाव्या वर्षाच्या अखेरीस पातळी ४ वर येते आणि सातव्या वर्षी एप्रिलमध्ये विहीर कोरडी पडते. मूल मग उपसा ८ चा ७ करून पाहते. वार्षिक तूट १६ वरून ४ वर येते. ६ केला तर पातळी वाढू लागते. एवढ्या लहान बदलाने एवढा फरक कसा पडला, हा प्रश्न त्याला स्वतःला पडतो. एका वर्षी पाऊस निम्माच झाला तर काय, हे पुढे कुणीतरी विचारतेच. गणित, भूगोल आणि गावचा पाणीप्रश्न इथे एकाच कामात येतात आणि यासाठी लागणारे आकडे मुले घरी विचारून, विहिरीत दोर सोडून मिळवू शकतात.

भूमितीसाठी जिओजेब्रा हे साधन आहे. ऑस्ट्रियातील साल्झबर्ग विद्यापीठात २००१ साली मार्कुस होहेनवार्टर यांनी ते सुरू केले. त्याची सारी शक्ती बिंदू ओढण्यात आहे. अर्धवर्तुळावरचा बिंदू कुठेही सरकवला तरी व्यासाने तिथे केलेला कोन ९० अंशच राहतो. फळ्यावरची आकृती एकाच स्थितीची असते. इथे असंख्य स्थिती पाहता येतात. अंदाजाने काढलेला चौरस कोपरा ओढताच मोडतो, लंब आणि समान बाजू यांच्या आधारे रचलेला चौरस मात्र कितीही ओढला तरी चौरसच राहतो. गुणधर्म म्हणजे काय, हे समजावण्याचा याहून सोपा मार्ग नाही. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात अशा मुक्त साधनांचे मराठीतील पाठ उपलब्ध आहेत, ही शिक्षकांसाठी मोलाची सोय आहे.

महाराष्ट्रात मुलांच्या हाती घडवण्याची साधने देण्याचा एक लवकरचा प्रयोग २००७ साली रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैराट येथील एकशिक्षकी शाळेत झाला. ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ या उपक्रमातले हिरवे-पांढरे एक्सओ लॅपटॉप तिथे आले. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातील जी. नागार्जुन यांचा या कामाशी जवळचा संबंध होता. उन्हातही वाचता येणारा पडदा, देवनागरी कळफलक, कासवाच्या आज्ञा, चित्र, ध्वनी आणि छायाचित्रण यांची साधने अशी त्या यंत्राची रचना होती. पॅपर्ट यांच्याच विचारांतून आलेला हा उपक्रम.

तोच उपक्रम पेरूने मोठ्या प्रमाणावर राबवला. ८ लाखांहून अधिक लॅपटॉप वाटले गेले. इंटर-अमेरिकन डेव्हलपमेंट बँकेने ग्रामीण भागातील ३१९ शाळांचा अभ्यास करून २०१२ साली निष्कर्ष मांडले. गणित आणि भाषेच्या चाचण्यांत काहीही सुधारणा दिसली नाही. सर्वसाधारण आकलनक्षमतेच्या काही कसोट्यांवर थोडा लाभ दिसला. यंत्रे पोहोचली होती, पण शिक्षकांना अध्यापनात त्यांचे काय करायचे याचा आधार मिळाला नव्हता.

केरळने उलट क्रम धरला. २००१ पासून चाललेल्या आयटी ॲट स्कूल प्रकल्पाने आधी शिक्षक तयार केले आणि मुक्त सॉफ्टवेअरवर भर दिला. त्यामुळे परवान्यांचा खर्च वाचला आणि साधने मल्याळममध्ये वापरता आली. याच प्रकल्पातून पुढे ‘काइट’ ही संस्था झाली आणि २०१८ मध्ये तिने सुमारे २ हजार शाळांत ‘लिटल काइट्स’ हे विद्यार्थी मंडळ सुरू केले. माध्यमिक शाळेतील मुले त्यात ॲनिमेशन, स्क्रॅच, मल्याळम टंकलेखन, इलेक्ट्रॉनिक्स शिकतात आणि शाळेतली यंत्रे सांभाळायलाही मदत करतात. मातृभाषेत काम आणि कामाची जबाबदारी या दोन्ही गोष्टी या योजनेत आहेत. महाराष्ट्राने तिचा बारकाईने अभ्यास करायला हवा.

महाराष्ट्राची ओळख जगभर झाली ती वेगळ्या कामामुळे. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोडची जोड दिली आणि २०२० साली त्यांना ग्लोबल टीचर प्राइज मिळाले. पुस्तकातला कोड मुलाला कविता ऐकवतो, व्हिडिओ दाखवतो. पुस्तकाच्या पलीकडचे साहित्य खेड्यात पोहोचले. पुढची पायरी अशी की त्या कोडमागचा आवाज आणि व्हिडिओ मुलांनीच तयार करावा. आजीकडून ऐकलेली गोष्ट फोनवर ध्वनिमुद्रित करून, तिला चित्रे जोडून, पहिलीच्या वर्गासाठी ठेवणारे सातवीचे मूल भाषा आणि कथन या दोन्हींचे काम करत असते. अटल नवोन्मेष मोहिमेतून २०१६ पासून देशभर सुमारे १० हजार शाळांना टिंकरिंग प्रयोगशाळा मिळाल्या, प्रत्येकी २० लाख रुपयांपर्यंतच्या अनुदानासह. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने सहावीपासून कोडिंगशी संबंधित कृती सुचवल्या. साधनांची पायवाट तयार होते आहे. तिच्यावर चालणारा शिक्षक प्रशिक्षणात एक-दोन दिवस बसून तयार होत नाही. त्याला स्वतः काहीतरी घडवण्याचा, अडण्याचा आणि सुटण्याचा अनुभव मिळावा लागतो.

यंत्रे कमी असणे हे शाळांतले वास्तव आहे, पण ते तितके मोठे विघ्न नाही. दोन मुलांनी एका संगणकावर बसावे. एकाने माउस धरावा, दुसऱ्याने पुढची आज्ञा सांगावी आणि दहा मिनिटांनी जागा बदलाव्यात. सांगणाऱ्याला विचार शब्दांत मांडावा लागतो, हा त्यातला खरा फायदा. उरलेल्या मुलांनी त्या वेळी वहीत आराखडा करावा, फरशीवर कासव होऊन चालून पाहावे. स्क्रॅच इंटरनेटशिवायही चालते, त्यामुळे एकदा उतरवून घेतले की नेट गेल्याने तास बुडत नाही.

गेल्या काही वर्षांत कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आली आहेत. दोन ओळी लिहिल्या की चित्र, गोष्ट, प्रोग्रॅम तयार मिळतो. वस्तू मिळते, पण बंद न झालेला त्रिकोण मिळत नाही, आणि शिकणे त्या त्रिकोणातच होते. म्हणून वर्गात या साधनांचा उपयोग घडवण्याच्या आधी नको, नंतर असावा. मुलांनी स्वतः प्रतिकृती केल्यावर यंत्राने केलेली प्रतिकृती शेजारी ठेवावी आणि तिच्यातल्या चुका शोधाव्यात. विहिरीच्या प्रतिकृतीत यंत्राने पावसाचे महिने कोणते धरले, उपसा कुठे मोजला, याची तपासणी ज्याने आपली विहीर आधी बांधली आहे तेच मूल करू शकते.

मूल्यमापन हा या साऱ्यातला सर्वांत अवघड भाग, कारण गुणपत्रिकेत यासाठी जागाच नसते. कॅरेन ब्रेनन आणि मिचेल रेझनिक यांनी २०१२ साली स्क्रॅचच्या कामाकडे तीन अंगांनी पाहण्याची पद्धत मांडली: मुलाने कोणत्या संकल्पना वापरल्या, काम करण्याची कोणती रीत धरली आणि स्वतःकडे व जगाकडे पाहण्यात काय बदल झाला. तयार प्रकल्प पाहून पहिले अंग कळते, उरलेली दोन कळत नाहीत. त्यासाठी प्रकल्पाच्या आधीच्या आवृत्त्या जपून ठेवाव्या लागतात आणि मुलाला शेजारी बसवून विचारावे लागते. हा ठोकळा इथे का? काल काय चालत नव्हते? हाच प्रकल्प दुसऱ्या कुणाकडून आला असता तर त्यात काय बदलले असते? चाळीस मुलांच्या वर्गात प्रत्येकाशी असे बोलायला सत्र पुरते. रोज दोन मुले, प्रत्येकी पाच मिनिटे, आणि हेनिगनच्या मुलांसारखी प्रत्येकाची एक वही.